ढमढेरे काकांची फेरपालट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले ढमढेरे काका दर चार महिन्यांनी सोफ्यावरची आपली बसायची जागा बदलतात. असं का, हे विचारण्याची चूक मी विश्रांतवाडीत राहायला आलो त्याच आठवड्यात केली. "एकाच जागी एकच पीक घेतलं की कस जातो," असं उत्तर मिळालं आणि पुढचा तासभर मी दारात उभा होतो.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, एकटेच राहतात. दौंडकडे त्यांची चार एकर जमीन आहे आणि चहूबाजूंनी उसाचा वेढा असताना ते तिथे ऊस लावत नाहीत. पावसाळ्यात सोयाबीन, त्यामागे हरभरा, उन्हाळ्यात भुईमूग. नुसत्या उसापेक्षा यात जास्त पैसे कसे सुटतात, हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. आमची लिफ्ट फार हळू चालते.

हे शास्त्र जमिनीपुरतं ठेवतील तर ते काका कसले! वरच्या मजल्यावरच्या नवविवाहित जोडप्याला त्यांनी "पहिलं वर्ष द्विदल घ्या, जमीन सुधारते," असा आशीर्वाद दिला. ते बिचारे अजून अर्थ शोधताहेत. सोसायटीचे अध्यक्ष पुन्हा बिनविरोध निवडून आले, तेव्हा काका भर सभेत म्हणाले, "हा खोडवा आहे!" तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून जे पुन्हा फुटतं, तो खोडवा. अध्यक्षांना आधी ती शिवी वाटली. अर्थ कळल्यावर ते जास्तच चिडले.

गेल्या मे महिन्यात मात्र मी यात सापडलो. काकांचा मुलगा संदीप आयटीत आहे, बालेवाडीत राहतो. एका रविवारी तो ठरवूनच आला होता, की यंदा चारही एकर ऊस लावायचा. शेजारी म्हणून पंच मी.

"दादा, तुम्हीच समजवा बाबांना. ऊस लावला की दीड वर्ष नो टेन्शन. पाणी वाटेकरी देतो, तोडायला टोळी येते. आपण फक्त अकाउंट चेक करायचं."

"हरभऱ्याने जमिनीला नत्र मिळतं," काका म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता.

मला संदीपचं पटलं होतं. "काका, या वयात दर हंगामाला हेलपाटे कशाला?" मी म्हणालो. तेवढ्यात संदीपला फोन आला आणि तो गॅलरीत गेला.

काका माझ्याजवळ सरकले. "अहो, हेलपाटे आहेत म्हणून तर," ते कुजबुजले. "पेरणीला तो मला गाडीतून नेतो. काढणीला नेतो. पुन्हा हरभऱ्याला. गाडी चालवताना मोबाईल घेत नाही तो. जाता-येता माझ्याशी बोलतो. ऊस लावला तर दीड वर्ष येईल कशाला?"

लिफ्टमधल्या त्या सगळ्या नफ्याच्या गप्पा यासाठी होत्या तर.

संदीप आत आला. "मग काय ठरलं?"

"सोयाबीन," मी ठणकावून सांगितलं. ज्याला कुंडीतली तुळस जगवता येत नाही, त्याच्या शब्दाला वजन किती, याचा मी विचारच केला नाही. "आणि पेरणीला घरच्या माणसाने जातीने हजर राहावं लागतं."

संदीपने सुस्कारा टाकला आणि मोबाईलमध्ये कॅलेंडर उघडलं.

"मध्ये खुरपणी पण असते," काका हळूच म्हणाले.