खुर्चीतला गंधार

व्हायोलिन शिकताना चुकीचा लागलेला सूर, ज्याच्या हातून चूक झाली तो दुरुस्त करेपर्यंत, मास्तरांच्या घरी राहतो; आणि साताऱ्याच्या शंकरराव उपळेकरांकडे असा एक गंधार छत्तीस वर्षं राहत होता.

असले पाहुणे यायचेच हे शिकवणी घेणारा प्रत्येक जण जाणून असतो. बहुतेक आठ-पंधरा दिवसांत मार्गी लागतात. एखाद्या आळशी मुलाचा निषाद दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत ठाण मांडून बसतो, घरातली माणसं कपाळाला आठ्या घालतात, मग शाळा सुरू होते, मुलाचं बोट जागेवर पडतं आणि निषाद जिना उतरून निघून जातो. या गंधाराचं तसं झालं नाही. तो जिच्या हातून लागला त्या हेमा शिंत्रेच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. ती तेव्हा बारा वर्षांची होती. व्हायोलिन क्लासचं होतं, ते परत आलं. गंधार तेवढा राहिला.

तो दिसायचा नाही. ऐकू यायचा, शुद्ध गंधारापेक्षा केसभर खाली, रुसलेल्या पोरासारखा. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत तो बसून असे. शेजारी कुकरची शिट्टी झाली की किंचित थरथरे. मास्तरांचं लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. "आज भरली वांगी करू का रे?" असं मास्तर विचारत आणि त्याच्या थरथरण्यातून काय ते समजून घेत.

सोसायटीचे सेक्रेटरी बर्गे रहिवाशांची यादी करायला आले, तेव्हा त्यांनी रीतसर चौकशी केली.

"नाव?"

"शुद्ध गंधार."

"शुद्ध असंच लिहू?"

"तसा तो शुद्ध नाही," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "पण त्याच्यादेखत नको."

"तुमच्याशी नातं?"

मास्तर अडखळले. "विद्यार्थिनीचा आहे. माझ्याकडे असतो."

बर्ग्यांनी जरा विचार करून 'सोबत' असं लिहिलं आणि ते पुढच्या दाराकडे वळले.

गेल्या मार्गशीर्षात एके सकाळी बेल वाजली. दारात अठ्ठेचाळीस वर्षांची बाई उभी होती.

"मास्तर, मी हेमा. माझा गंधार तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे. ये. त्या खुर्चीत तेवढी बसू नकोस."

ती सतरंजीवर बसली. चहा झाल्यावर तिने सगळं सांगितलं. "मला गंधार लागतच नाही, मास्तर. सा येतो, रे येतो, मग पायरीच नसल्यासारखी मध्यमावर उडी पडते. आरतीला सासूबाई म्हणायच्या, हेमा, तू टाळ्या वाजव. माझ्या मुलीची अंगाईसुद्धा नवऱ्याने म्हटली. तो म्हणतो बरी, पण मी आपली दाराशी उभी. आता तिला बाळ होणार आहे, फाल्गुनात. या बाळाला मला म्हणायची आहे. दीड महिना बहिणीकडे राहायचं ठरवून आलेय."

मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"आधी गज धरायला शिकू," ते म्हणाले.

गज धरण्यात त्यांनी दोन आठवडे घालवले. मनगट सैल सोड, खांदा उचलू नको, बैठक सुधार. हेमाने गंधाराचं नाव काढलं की, "घाई नको," असं म्हणून ते खुर्चीकडे बघायचं टाळत. आपण काय करतोय हे त्यांना चांगलं कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. शेवटी तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तिचं मधलं बोट धरून गंधारावर ठेवलं.

हेमाचा कान पहिल्यापासून तयार होता. चार दिवसांत तिचा गंधार असा बसला की जिन्यातून जाणारे बर्गे भाजीची पिशवी हातात घेऊन थबकले. मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं.

खुर्चीतला गंधार जागचा हलला नाही.

असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. हेमाने पुन्हा वाजवला, चाळीस वेळा वाजवला. मग व्हायोलिन खाली ठेवून गाऊन पाहिलं. सा, रे, आणि धपकन मध्यम.

खोटं कशाला बोला, मास्तरांना आधी बरंच वाटलं. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती व्हायोलिनवर सांडलेली, गजाला लावायच्या राळेची भुकटी फडक्याने अगदी हलक्या हाताने पुसत होती.

"राहू द्या, मास्तर. खोट माझ्याच कानात असणार. तुम्ही तेव्हाही किती जीव तोडून शिकवलंत. मी उद्याच्या गाडीने जाते."

मास्तरांना ते ऐकवेना. ते स्टुलावर चढले आणि गंधार ज्यावर पहिल्यांदा लागला, ते जुनं, लहान मुलांचं व्हायोलिन त्यांनी माळ्यावरून खाली काढलं. मान तडकल्यामुळे हेमानंतर ते कुणाला दिलं नव्हतं. नवख्या पोरांना बोटांच्या जागा कळाव्यात म्हणून मास्तर तारांखालच्या काळ्या पट्टीवर कागदाच्या बारीक खुणा चिकटवत. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेचा पांढरा डिंकाचा कागद त्याला बरा पडे. त्या खुणा अजून तशाच होत्या. मास्तरांनी नव्या तारा चढवल्या, जुळवल्या, दुसऱ्या खुणेवर मधलं बोट ठेवलं आणि गज ओढला.

खोलीत दोन गंधार ऐकू आले. दोन्ही केसभर खाली, तंतोतंत सारखे.

मास्तरांना त्या खुणा चिकटवल्याचा दिवस आठवला. संध्याकाळी वाईला भजनाची साथ होती आणि चारची एसटी गाठायची होती. खुणा कानाने लावायच्या तर अर्धा तास जातो. त्या दिवशी त्यांनी त्या नजरेनेच लावल्या होत्या.

व्हायोलिन पुन्हा माळ्यावर टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. हेमा उद्या गेली असती आणि गंधार कायमचा इथेच राहिला असता. मास्तरांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी नखाने ती खूण खरवडून काढली.

"हेमा, हा गंधार तुझा नव्हे."

"मग कुणाचा?"

"माझा. खूण मी चुकीची लावली होती. तू बोट बरोबर ठेवत होतीस. मी दाखवलं तिथंच."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकली नाहीस."

हेमाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलंही नाही. "'ये, दुरुस्त करून जा,' असं एखादं पत्र तरी टाकायचंत, मास्तर," ती अखेर म्हणाली. "मला वाटायचं, मीच अशी."

"त्याची सोबत होती मला," मास्तर म्हणाले. "म्हणून नाही टाकलं."

यावर ती रागावली असती तरी चाललं असतं. तिने नुसतं खुर्चीकडे पाहिलं आणि डिंकाची बाटली मास्तरांच्या हाताशी सरकवली.

नवी खूण मास्तरांनी कानाने लावली. अर्धा तास लागला. मग त्यावर बोट ठेवून त्यांनी गज ओढला, एकदाच, पण पुरता. वेताची खुर्ची करकरली. गंधार उठला, सतरंजीला वळसा घालून दाराशी गेला, तिथे थोडा थांबला आणि जिना उतरू लागला. त्याला पोचवायला उठावं असं मास्तरांना फार वाटलं, पण त्यांनी गज मांडीवर ठेवला आणि ते हेमाकडे वळले.

"म्हण आता," ते म्हणाले.

सा. रे. पुढचा सूर घेण्याआधी हेमाने डोळे गच्च मिटून घेतले. गंधार लागला. आवाज वापरात नसल्याने जाडाभरडा होता, पण सूर जागच्या जागी होता. त्यावर ती किती तरी वेळ थांबली. मग तिने अंगाई म्हटली, सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि संपल्यावर पुन्हा सुरू केली.

बर्गे जिना चढून दाराशी आले. "कोण गातंय हो, मास्तर?" त्यांनी हळूच विचारलं.

गाण्या-बजावण्यातली माणसं गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. मास्तरांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. त्यांनी उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि मगच सांगितलं.

"हेमा शिंत्रे."

बर्ग्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि ते उंबऱ्याबाहेरच मांडी घालून बसले.