चपलांच्या कपाटातली वाटी

सकाळी आठ वाजता केमिस्टबाईंनी ओट्यावरचा डबा उघडला. तो रिकामा होता, आणि वर घासून लख्ख केलेला होता.

"आई, यातली काळी पूड?"

"ती होय? भांडी घासली," सासूबाई म्हणाल्या. "कढईचं बूड लग्नानंतर आज पहिल्यांदा दिसलं बघ."

ती पूड म्हणजे शेंगांच्या टरफलांचा कोळसा. महिनाभर सासऱ्यांनी निमूटपणे शेंगा खाल्ल्या होत्या आणि बाईंनी टरफलं जाळून, धुऊन, वाळवून ठेवली होती. बाई कामाला होत्या त्या मुलाम्याच्या कारखान्यातलं निकेलचं हिरवं सांडपाणी या पुडीतून स्वच्छ निघतं, हे आज दहा वाजता तपासनिसाला दाखवायचं होतं. नाही जमलं तर कारखान्याला कुलूप आणि चौदा माणसं घरी.

"थोडी आहे गं," सासूबाई ओशाळल्या. "वाटीभर चपलांच्या कपाटात ठेवलीय. ह्यांच्या बुटांचा वास पार गेला."

नाक मुरडायला वेळ नव्हता. बाईंनी वाटी उचलली आणि धावत सुटल्या.

कारखान्याचे मालक मुलाम्याचे वेडे. दिसेल त्याला निकेल चढवायचे. ऑफिसचा नळही त्यांनी गेल्याच आठवड्यात आतून-बाहेरून चकाकवला होता आणि येईल त्याला त्या पाण्याचा चहा पाजत होते.

बाईंनी नळकांड्यात पूड भरली आणि वरून हिरवं पाणी ओतलं. खाली थेंब थेंब नितळ पाणी जमलं. तपासनिसाने त्यात निकेल ओळखणारी पट्टी बुडवली. पट्टी पांढरीच राहिली.

"बाई, हे नळाचं पाणी आहे."

"तुमच्यासमोर तर ओतलं."

"वीस वर्षं असल्या हातचलाख्या बघतोय मी. नळाचं पाणी आणा. दोन्ही पट्ट्या सारख्या निघाल्या, की कुलूप लावतो."

ऑफिसच्या नळाचं पाणी आलं. दुसरी पट्टी बुडाली आणि बघता बघता गुलाबी झाली. निकेल.

मालकांनी चहाचा तिसरा कप तोंडाशी नेला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

तपासनिसाने एकदा नळाकडे बघितलं, एकदा पट्ट्यांकडे. "सारख्या नाहीत," त्याने शेवटी कबूल केलं आणि मोठी टाकी बसवायला तीन महिन्यांची मुदत लिहून दिली.

"बाई, आजपासून चहाचं पाणी याच पुडीतून गाळायचं," मालक खोल आवाजात म्हणाले.

बाईंना सासऱ्यांचे बूट आठवले.

"नको साहेब, नवी करते," त्या घाईघाईने म्हणाल्या. "फक्त शेंगा खायला माणसं लागतील."

चौदाही जण पुढे आले.