काळ्या दोऱ्याची बाटली

दूध लपवायचं असेल तर दुधाच्या केंद्रातच लपवावं! ही अक्कल माझ्याशिवाय धुळ्यात कुणाला सुचली असती? हे कौतुक मी आधीच करून घेते, कारण पुढे त्याला वाव राहणार नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. धुळ्याबाहेरच्या एका दूध शीतकरण केंद्रात मी प्रयोगशाळा सहायक होते. बाळंतपणाची रजा संपली आणि घरात रणधुमाळी सुरू झाली. आमचे हे नोकरीनिमित्त जळगावला, शनिवारचे पाहुणे. देवपूरच्या घरात मी, बाळ आणि दोंडाईच्याहून आलेल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं एकच, की माझं दूध पाण्यासारखं पातळ आहे, त्यात मी दिवसभर बाहेर, म्हणजे पोरगं उपाशी मरणार. मला अंगावर दूध यावं म्हणून त्या मेथीचे लाडू करत. ते इतके कडू की खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्यालाच त्या गुण आला असं म्हणायच्या. शेवटी पोळ्यापर्यंतची मुदत मिळाली. तोवर पोराचं पोट भरलेलं दिसलं नाही, तर राजीनामा.

मला नोकरी सोडायची नव्हती. अजिबात नव्हती! म्हणून मी योजना आखली.

सकाळी स्टोअरच्या खोलीत शिरायचं, आतून कडी लावायची आणि दूध पिळून काढायचं. बाहेर स्टुलावर आमचे शिपाई हिलालभाऊ. कुणी विचारलं तर ते सांगत, बाई आत ॲसिड ओतताहेत. ॲसिडच्या नावाने साहेबसुद्धा चार पावलं मागे सरायचे. दूध भरायचं ते आमच्याच नमुन्याच्या बाटलीत, उकळून घेतलेल्या. मग ती बर्फाच्या टाकीत इतर बाटल्यांच्या शेजारी उभी. दुधाच्या केंद्रात दुधाच्या बाटलीकडे कोण बघतो? दुपारी हिलालभाऊ साहेबांचा डबा आणायला सायकलवरून देवपूरला जात, तेव्हा माझी बाटली आमच्या घरी पोचवत. सासूबाई ती कोमट करून बोंडल्याने बाळाला पाजत.

ओळखायची कशी? ते कामही सासूबाईंनीच केलं होतं. दूध उघड्यावरून येतं, नजर लागेल, म्हणून त्यांनी बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधून दिला होता. हिलालभाऊंना मी एवढंच सांगून ठेवलं होतं, की काळ्या दोऱ्याची बाटली आपली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस चिंधाआबा आले.

चिंधाआबा म्हणजे म्हशीवर लेकीसारखी माया करणारा शेतकरी. गावच्या डेअरीत आपल्या दुधाला फॅट मुद्दाम कमी लावतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून ते कॅन घेऊन थेट आमच्याकडे हजर झाले. आमचे बन्सीलालसाहेब कडक. त्यांनी स्वतः कॅनमधून नमुना घेतला, बाटली बर्फात ठेवली आणि जेवणानंतर मी स्वतःच तपासतो म्हणाले. मी तेव्हा बाहेर टँकरपाशी होते. त्यामुळे आबांनी खिशातून काळा दोरा काढून त्या बाटलीच्या गळ्यात बांधला, हे मला कळलंच नाही. एवढ्या दुभत्या म्हशीचं दूध परक्या ठिकाणी ठेवायचं म्हणजे नजरेचा बंदोबस्त नको का?

दुपारी हिलालभाऊ बाटली घेऊन गेले, डबा घेऊन परत आले. साहेब जेवले. मग त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि टाकीतून काळ्या दोऱ्याची बाटली काढली.

यंत्र फिरलं, फॅट वाचली गेली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. म्हशीच्या दुधाच्या निम्मीसुद्धा नाही! साहेबांनी तळहातावर थोडं दूध ओतलं आणि जिभेवर घेतलं. त्यांच्या जिभेचा केंद्रात दरारा होता.

"गोड आहे," ते म्हणाले. "पाणी घातलंय आणि वर साखर टाकलीय."

आबांचा चेहरा उतरला. "देवनी आन साहेब, एक टिपूस पानी टाकेल नई शे."

साहेबांनी पुन्हा तळहात भरला. या खेपेला डोळे मिटून, सावकाश. "म्हशीचं नाही. गाईचं नाही. शेळीचं तर नाहीच. पण चव ओळखीची आहे हो. कधीतरी प्यालोय मी हे. कुठे ते आठवत नाही."

माझी नजर बाटलीच्या गळ्याकडे गेली. तो दोरा सासूबाईंचा होता! त्यांच्या जुन्या काळ्या लुगड्याचा काठ फाडून वळलेला, रोज माझ्या हातातून जाणारा. आणि माझा वरिष्ठ अधिकारी, निवृत्तीला टेकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस, तिसऱ्यांदा तळहात पुढे करत होता!

मी गप्प बसणार होते. खरंच सांगते, गप्पच बसणार होते. हे साहेबांना कळलं तर पोळ्याची वाट बघायची गरजच उरणार नव्हती. पण साहेबांनी फर्मान सोडलं, की आबांचं कॅन मोरीत ओता आणि भेसळवाले म्हणून त्यांचं नाव बाहेर फळ्यावर लिहा. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते बघवेना.

"साहेब, ते दूध आबांच्या म्हशीचं नाही," मी म्हणाले. "माझं आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हैस कधी घेतली?"

हिलालभाऊ खोकले. मग ते साहेबांच्या कानाशी गेले आणि स्टोअरमध्ये रोज कुठलं ॲसिड निघत होतं ते त्यांनी सांगितलं.

साहेब पांढरे पडले. नंतर लाल झाले. बाहेर नळावर जाऊन चुळा भरू लागले, ते बराच वेळ आलेच नाहीत. आले ते माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाशी बोलले. उद्यापासून स्टोअरची किल्ली सुनंदाबाईंकडे, म्हणजे माझ्याकडे, राहील आणि त्यांच्या बाटलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कॅनमधून दुसरा नमुना काढला. फॅट इतकी भरली की आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. टोपी डोक्यावर ठेवून ते माझ्याकडे वळले.

"माय, मंग मनी म्हैसनं पहिलं दूध कोठे गयं?"

अगं बाई!

मी रिक्षा करून पांझरेच्या पुलावरून घराकडे सुटले. रस्ताभर डोळ्यांपुढे पोटदुखीने रडणारं बाळ. दारातच सासूबाई उभ्या, हातात वाटी, भोवती गल्लीतल्या बायका. बाळ आत पाळण्यात गाढ झोपलेलं, पोट टम्म. शेजारीण बोलायला आली म्हणून दूध चुलीवर जरा जास्त वेळ राहिलं होतं, एवढंच.

"देख वो," सासूबाईंनी वाटी माझ्या नाकापुढे धरली. "तुन्हा दूधले साय उनी! पोऱ्या पोटभर पिना नि झोपी गया. मना लाडूसना गुण शे. आते नोकरी सोडानं नाव काढू नको."

वाटीत बोटभर जाड साय होती. बायका माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी त्यात मेथीचा लाडू कोंबला. दिवसभरात एकदा खरं बोलून झालं होतं. माणसाने किती बोलावं?

रात्री त्यांनी दुसऱ्या दिवशीसाठी दुप्पट मोठी बाटली घासून ठेवली, दोऱ्यासकट. दोंडाईच्याहून त्यांच्या बहिणी साय बघायला येणार होत्या.

सकाळी चिंधाआबा पुन्हा दूध घेऊन आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, की आबा, तुम्ही म्हशीला काय खाऊ घालता हो?

आबांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "सरकीनी ढेप," ते म्हणाले. "पन तुले पचाव नई, माय."