पूर्ण लॉट नापास

“अहो, तो पंखा बंद करा ना!” शेजारच्या खोलीतून बायको ओरडली.

“पंखा बंदच आहे. कॉम्प्युटर घोंघावतोय.”

“मग तो बंद करा!”

“तो बंद केला तर दुपारी तू रेकॉर्ड कशात करणार?”

“आणि हा असाच गुरगुरत राहिला तर मी रेकॉर्ड काय करणार? त्याचं गुरगुरणं?”

या बिनतोड प्रश्नावर साहेबांनी गार झालेला चहा तोंडाला लावला. साहेब म्हणजे कुलुपांच्या कारखान्यातले निवृत्त तपासनीस. घरात त्यांना साहेब कुणीच म्हणत नसे. पण कारखान्यात अख्खी हयात ते साहेब होते, तेव्हा आपण तरी त्यांचा मान राखू.

भानगड अशी होती. साहेबांच्या पत्नी अंध वाचकांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायच्या. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, आणि वाचताना जीव ओतायची सवय. सध्या एका घड्याळजीवरची जाडजूड कादंबरी चालू होती आणि त्या तिच्यात आकंठ बुडाल्या होत्या. पण घरचा कॉम्प्युटर म्हातारा. सुरू केला की धापा टाकायचा, आणि त्या धापा नेमक्या रेकॉर्डिंगमध्ये उतरायच्या. वाचनालयाच्या व्यवस्थापिकाबाईंनी एक प्रकरण दोनदा परत पाठवलं होतं. “घड्याळजी पिठाच्या गिरणीत राहतो की काय, असं श्रोते विचारतात,” असं म्हणाल्या होत्या. आणि काल त्यांनी नाइलाजाने सांगून टाकलं होतं की, आज संध्याकाळी पाचपर्यंत हे प्रकरण स्वच्छ मिळालं नाही, तर उरलेलं पुस्तक दुसऱ्या बाईंकडे द्यावं लागेल. काल रात्री साहेबांच्या पत्नी धड जेवल्यासुद्धा नव्हत्या.

यावर तोडगा मुलीने काढला होता. ती परगावी कॉम्प्युटरच्याच कामात. रविवारी येऊन तिने जुनी जड सिस्टिम काढून लिनक्स नावाची हलकी, फुकट सिस्टिम टाकली. मशिन बरंच शांत झालं. जाताना ती बजावून गेली, “बाबा, आता यात फक्त गरजेचं तेवढंच टाका. आईला रेकॉर्डिंगचा एक प्रोग्राम, तुम्हाला लिहायला एक, गाणी ऐकायला एक. बस्स.”

हे तिने सांगितलं ते अशा माणसाला, ज्याने उभ्या आयुष्यात एकही कुलूप नुसतं बघून पास केलं नव्हतं.

साहेबांनी आज सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरमधलंच सॉफ्टवेअरचं दुकान उघडलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. नुसत्या लिहिण्यासाठी पानभर प्रोग्राम! एक साधा, एक अतिशय साधा, एक नुसता अक्षरं बघायचा, एक रंगीत, एक असा की त्यातून बाहेर कसं पडायचं हेच साहेबांना सापडेना. गाणी ऐकायलाही तेवढेच. फोटो बघायला वेगळे, फोटो कापायला वेगळे. आकाशातले तारे दाखवणारा एक, आवर्तसारणी दाखवणारा एक. आणि सगळे फुकट.

“फुकट म्हणजे माल कसा असेल?” साहेब स्वतःशी पुटपुटले. आणि हा प्रश्न पडल्यावर तपासून बघण्यावाचून इलाजच नव्हता. त्यांनी हाताला लागेल ते टाकायला सुरुवात केली. पद्धत कारखान्यातलीच. प्रत्येक नग उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. मग सगळे नग एकदम उघडून ताण किती सोसतात ते पाहायचं. या शेवटच्या कसोटीलाच कॉम्प्युटरने तो गिरणीचा सूर लावला होता.

बायको दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर खिडक्यांवर खिडक्या चढल्या होत्या. एका कोपऱ्यात शनीचं कडं फिरत होतं.

“गरजेचं तेवढंच टाकायचं होतं ना?”

“अगं, गरजेचं कुठलं ते कळायला आधी सगळं बघायला नको?”

“मला पाचच्या आत प्रकरण पोचवायचंय. माझं पुस्तक जाईल हो दुसरीकडे.”

साहेबांना एकदम अपराधी वाटलं. “तू जा, वाचून सराव कर. मी सगळी खोगीरभरती काढून टाकतो. अर्ध्या तासात मशिन गप्प.”

त्यांनी खरोखरच काढायला सुरुवात केली. तारे गेले, आवर्तसारणी गेली, बाहेर पडता न येणारा प्रोग्राम तर त्यांनी सूडबुद्धीने काढला. मग त्यांची नजर पत्त्यांच्या खेळावर पडली. हा त्यांनी टाकलेला नव्हता, सिस्टिमबरोबर आपसूक आलेला होता. एक्का उचलून पाहिला तर तो भलत्याच ठिकाणी जाऊन बसला. नापास. साहेबांनी काढण्याचं बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरने नम्रपणे विचारलं की, याच्याबरोबर खालील गोष्टीही निघतील, चालेल का? खाली नावांची लांबलचक रांग होती.

दुसरा कुणी असता तर इथे थबकला असता. साहेबांचा मात्र ऊर भरून आला. कारखान्यात त्यांचा दरारा होता तो याच एका नियमामुळे. एक नग नापास झाला की त्याच्याबरोबर आलेला अख्खा लॉट परत. त्यावरून त्यांनी मालकांशी किती वाद घातले होते! आणि इथे हे यंत्र आपण होऊन म्हणत होतं, साहेब, पूर्ण लॉट नापास करू का?

“शाब्बास! असा कडक कारभार पाहिजे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं.

कॉम्प्युटर कामाला लागला. रांग भराभर खाली सरकू लागली. साहेब कौतुकाने बघत होते. मग पडदा एकदा लुकलुकला आणि काळाठिक्कर पडला. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत राहिली.

साहेबांनी माउस हलवला. हलायला बाणच नव्हता. त्यांनी हळूच मुलीला फोन लावला.

“बाबा, काय काढलंत?”

“पत्ते.”

“नुसते पत्ते?”

“पत्ते आणि त्यांचा लॉट.”

“बाबा, तुम्ही पूर्ण डेस्कटॉप काढून टाकलात. चित्रं, बटणं, खिडक्या, आईचा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम, सगळं. हे परत टाकायला आजचा दिवस पुरणार नाही.”

“काय झालं हो?” बायको मागे येऊन उभी होती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि खुर्चीत मटकन बसली. हातातल्या कादंबरीत बोट घालून नुसती बसून राहिली. साहेबांना वाटलं, हिने आपल्याला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

“केवढं शांत वाटतंय,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“हो ना. माझी बोलायची सोय कुठे राहिलीय?”

“तुम्ही नाही हो. कॉम्प्युटर.”

साहेबांनी कान दिला. खरंच की! दाखवायला काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे धापा टाकायचं कारणही उरलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. साहेबांनी ती बातमी फोनवर सांगताच मुलगी जवळजवळ किंचाळली, “थांबा! खिडक्या नसल्या तरी रेकॉर्ड करता येतं. एक साधा हुकूम टाइप करायचा. मी एकेक अक्षर सांगते. बाबा, आईला त्यात अडकवू नका, तुम्ही बसा. ती थांब म्हणाली की कंट्रोल आणि सी एकदम दाबायचं, म्हणजे रेकॉर्डिंग थांबेल. मध्ये कशालाही हात लावायचा नाही. काही म्हणजे काहीही तपासायचं नाही!”

एरवी बायको रेकॉर्ड करायला बसली की साहेबांची रवानगी दाराबाहेर होई, कारण साहेबांना खोकल्यावाचून बसता येत नाही हा तिचा अनुभव होता. आज नाइलाज होता. भिंतीवरचं घड्याळ बाहेर नेऊन ठेवलं, खिडकी लावली, साहेबांनी खडीसाखर तोंडात धरली आणि दोन बोटं दोन बटणांवर ठेवून ते पुतळ्यासारखे बसले. बायकोने माइक ओढला आणि वाचायला सुरुवात केली.

घड्याळजी कितीतरी वर्षांनी घरी परत आला होता. दाराला तेच जुनं कुलूप. खिशात तीच जुनी किल्ली. साहेब सावरून बसले. घड्याळजीने किल्ली घातली, फिरवली. किल्ली फिरली, पण कुलूप उघडलं नाही. साहेबांच्या तोंडून ‘आतली पट्टी झिजली असणार’ हे शब्द बाहेर पडणार होते, ते त्यांनी खडीसाखरेबरोबर गिळले. मग आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “कोण आहे?” हे वाचताना बायकोचा आवाज असा काही बदलला की साहेबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ही शेजारच्या खोलीत असं वाचत होती, आणि आपण दाराबाहेर बसून वर्तमानपत्र चाळत होतो! त्यांना स्वतःचाच राग आला. घड्याळजीने नाव सांगितलं नाही. आतली पावलं दारापर्यंत आली. कडीवर हात पडला.

“थांब,” बायको म्हणाली.

साहेब थांबले नाहीत. म्हणजे त्यांनी बटणं दाबलीच नाहीत.

“अहो, थांब म्हटलं! प्रकरण संपलं.”

“संपलं? आणि दार?”

“दार पुढच्या प्रकरणात. दाबा आधी!”

मुलीने फोनवरून सांगितलेल्या आणखी एका हुकुमाने प्रकरण पेनड्राइव्हवर उतरलं आणि पाचच्या आत तो वाचनालयात पोचला. व्यवस्थापिकाबाईंनी कानाला हेडफोन लावून पूर्ण ऐकलं, डोळे पुसले, शेवटची तुमची बाचाबाची आम्ही कापून टाकू म्हणाल्या आणि कुठल्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं म्हणून चौकशी केली. उरलेलं पुस्तक आता तुमच्याकडेच, असंही सांगितलं. बायको रस्ताभर तरंगत घरी आली. साहेब मात्र तिच्या मागोमाग मान खाली घालून चालत होते.

घरी आल्याआल्या मुलीचा फोन. “बाबा, शनिवारी येते आणि सगळं परत टाकून देते. तुमचे तारेसुद्धा.”

“अजिबात यायचं नाहीस. म्हणजे ये, जेव, राहा, पण कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.” साहेबांनी फोन ठेवला आणि बायकोकडे वळले. “काय गं, घड्याळजीची बायको दार उघडते का?”

“पुस्तक समोर पडलंय. वाचा की.”

साहेबांनी चष्मा लावून पुस्तक उघडलं. एक परिच्छेद वाचला, तोच पुन्हा वाचला, पान उलटून मागे आले आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“नापास,” ते म्हणाले.

“पुस्तक?”

“मी. माझ्या वाचण्यात तो घड्याळजी बोलतच नाही. नुसता छापलेला राहतो.” ते आतल्या खोलीत गेले, काळ्या पडद्यासमोर बसले आणि दोन बोटं दोन बटणांवर ठेवली. “ये ना गं. थोडंसंच. दार उघडेपर्यंत.”

“आधी जेवून घ्या,” बायको म्हणाली. पण घसा तिने तेवढ्यात साफही केला होता.