आधी जबानी, मग बोनट

बंद पडलेल्या गाडीपाशी गेल्यावर कुणीही आधी बोनट उघडतो. आमच्या वडवणीचे किसनअण्णा मात्र बोनटवर हात ठेवून उभे राहतात आणि ते कुणालाच उघडू देत नाहीत. आधी मालकाची जबानी होते. गाडी शेवटची कधी चालू झालती, कुणी चालवली, कुठं लावली, तोंड कुणीकडं होतं, चावी फिरवल्यावर आवाज कसला आला, का आलाच नाही. मालक घाईत असला की अण्णा आणखी सावकाश विचारतात.

अण्णा मेकॅनिक नाहीत. तीस वर्षं ते बीडच्या कोर्टात शिपाई होते. दारात उभं राहून साक्षीदारांच्या नावाचा पुकारा करायचा आणि मग दिवसभर तिथंच उभं राहून साक्षी ऐकायच्या. त्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं. "गाडी खोटं बोलत न्हाई," ते म्हणतात, "मालक बोलतो." गाड्यांचं ज्ञान त्यांना त्यांच्या स्वतःच्या जुन्या जीपनं दिलं. बीड ते तेलगाव या रस्त्यावर ती जीप जिथं बंद पडली नाही असं एकही गाव उरलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींची गाडी फक्त सासरवाडीला गेल्यावर बंद पडायची. बाकी कुठंही न्या, एका चावीत चालू. सासरवाडीहून निघायच्या वेळी मात्र नुसती घुर्र घुर्र करायची, इंजिन काही पेट घ्यायचं नाही. गुरुजींच्या बायकोनं हा माहेरचा अपमान समजून दोन दिवस अबोला धरला होता. मेकॅनिकनं प्लग बदलले, फिल्टर बदलला, फरक शून्य. शेवटी गुरुजी अण्णांकडं आले. अण्णांनी बाजेवर बसून विचारलं, तिथं गाडी कुठं लावता? गुरुजी म्हणाले, दारासमोर. दारासमोर सपाट हाय का उतार? उतार. तोंड कुणीकडं? खाली. पेट्रोल किती असतंय? इथं गुरुजी चपलेकडं बघायला लागले. काटा तळाला टेकल्याशिवाय ते कधी पेट्रोल भरत नव्हते. अण्णांनी जागेवरून न उठता निकाल दिला, की असलेलं चमचाभर पेट्रोल उतारानं टाकीत पुढं पळतंय आणि पंप नुसती हवा ओढतोय. पुढच्या खेपेला गुरुजींनी टाकी भरली. गाडी सासऱ्याच्या दारात एका चावीत चालू झाली आणि गुरुजीणबाईंनी अण्णांना डबा भरून धपाटे पाठवले.

एका पुढाऱ्यानं मात्र त्यांना भर चौकात सांगितलं, की डिझेल फुल्ल हाय, दुसरं काय ते बघा. अण्णांनी टाकीला कान लावून बुक्की मारली. रिकामं पिंप वाजावं तसा आवाज आला. पुढाऱ्यानं ड्रायव्हरकडं बघितलं, ड्रायव्हरनं आभाळाकडं. "जबानीत तफावत हाय," एवढंच बोलून अण्णा घरी गेले आणि जेवायला बसले.

हे सगळं मी हसत हसत लोकांना सांगायचो. मग माझ्या लग्नाच्या दिवशी आमचीच गाडी बंद पडली.

लग्न तेलगावला होतं, मुहूर्त दुपारचा. बायका टेम्पोनं पुढं गेल्या होत्या. मागं राहिलो होतो मी, वडील, दत्तामामा, पंधरा-वीस मोटारसायकलवाले आणि वाटेला लावायला बँड. आमची पांढरी गाडी पंधरा वर्षांची होती. तिला झेंडूच्या माळा घालून अशी नटवली होती, की समोरचं दिसायला काचेत ताटाएवढी जागा उरली होती. मी फेटा सांभाळत मागं बसलो. मामांनी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. पुन्हा टक.

मग जे व्हायचं ते झालं. एक म्हणाला इंजिन जाम झालं, दुसरा म्हणाला लिंबू ठेवायचं राहिलं. मामा म्हणाले, मी तवाच म्हनलतो, ट्रॅक्टर घ्या. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव निघाला, म्हणून त्यांनी जोरात सुरुवात केली आणि त्यांना थांबवायला दोन माणसं पळाली. वडिलांनी घड्याळ बघून बघून शेवटी ते काढून खिशात ठेवलं.

अण्णा आले ते इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी अशा थाटात. आल्या आल्या बोनटवर हात. मामांना म्हणाले, चावी फिरवा. टक. हेडलाइट लावा. दिवे लागले. आता चावी फिरवा. दिवे काडीसारखे विझत आले. अण्णांनी मान हलवली, दार उघडून आत डोकावले आणि बराच वेळ डॅशबोर्डकडं बघत राहिले. मग सगळ्यांना वीस पावलं मागं जायला सांगितलं. वडील म्हणाले, मी मालक आहे. अण्णा म्हणाले, तुमी बी.

ते माझ्याशेजारी बसले. दार लावलं, काच वर केली.

"रमेश, सकाळी गाडीत कोन बसलतं?"

मी म्हणालो, कुणी नाही.

"टेपच्या बटनाला हळद लागली हाय. पंख्याच्या बटनाला बी. घरात दोन्ही हात पिवळे आज एकाचेच व्हते."

आता काय लपवणार? हळद लागल्यावर अंघोळीचं पाणी तापेपर्यंत थांबायचं होतं. घरभर पाहुणे, पाणी काही लवकर तापेना. मी परसात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसलो, टेप लावला, पंखा लावला, फोन चार्जिंगला लावला आणि सीट मागं टाकून पडून राहिलो. दोन तास. जुन्या बॅटरीचा जीव तो केवढा.

अण्णांनी विचारलं, "पोरगी पसंत न्हाई का?"

"पसंत हाय."

"मग कशापायी बसलता?"

"लई भ्या वाटत व्हतं, अण्णा."

मला वाटलं आता हे खाली उतरणार आणि कोर्टातल्यासारखा पुकारा करणार. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, कोपरा जिभेला लावून ओला केला आणि पुढं वाकून टेपचं बटन पुसलं. मग पंख्याचं. नखानं खाचेतली हळदसुद्धा काढली. रुमाल घडी करून आतल्या खिशात घातला, खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्थिंगची वायर सैल झालती. आवळली. बॅटरी दमलीया, धक्का मारा."

वायर कुठं असते ते त्यांनी बोनट उघडून बघितलंही नव्हतं. पण अण्णांच्या निकालावर वडवणीत अपील नसतं. ते स्वतः स्टेअरिंगवर बसले, दुसरा गिअर टाकला, आणि सगळं वऱ्हाड गाडीला भिडलं. बँडमास्तर एका हातानं ढकलत होता, दुसऱ्या हातानं क्लॅरोनेट वाजवत होता. ढोलवाल्यानं ठेका धरला तशी पावलं पडायला लागली. मारुतीच्या देवळापाशी गाडीनं दोन हिसके दिले आणि सुरू झाली. दत्तामामा तोंडावर पडता पडता वाचले आणि तरी नाचायला लागले.

तेलगावला अण्णांनी गाडी लिंबाखाली लावली, पण बंद केली नाही. बॅटरी भरू द्या म्हणाले आणि आतच बसून राहिले. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तरी अण्णा मंडपात आले नाहीत. शेवटी मी ताट वाढून घेतलं आणि मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत गाडीपाशी गेलो. एवढा वेळ लागतो का बॅटरीला, असं मी विचारलं. अण्णांनी ताट मांडीवर घेतलं आणि म्हणाले, अर्धा तास बी पुरतो.

"मग आत का नाही आलात?"

"तुझी काकू गेल्यापसनं लग्नात कुनाजवळ बसावं तेच कळत न्हाई बघ."

काकूंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अण्णांनी दोन घास खाल्ले. मग आपणहून सांगायला लागले. त्यांच्या लग्नाच्या सकाळी तेसुद्धा पळाले होते, ओढ्याच्या पुलाखाली. तिथं एक मेंढपाळ बसला होता. त्यानं काही न विचारता अर्धी भाकर दिली आणि म्हणाला, जा बाबा, ती बी घाबरली आसंल. अण्णा परत आले. अंतरपाट खाली झाला तेव्हा बघितलं, तर काकूंच्या हातातला हार थरथरत होता. अण्णांना हसू आलं आणि ते बघून काकूंनाही.

मी म्हणालो, काकूंना हे सांगितलं असेल की.

"न्हाई. आज सांगू, उद्या सांगू म्हनलं. चाळीस वर्सं घरात व्हती, कुठं जातीया असं वाटायचं." पुढचा घास मोडत म्हणाले, "जा तू. पोरगी वाट बघत आसंल."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघालो. गाडी अण्णाच चालवत होते. मी आणि अर्चना मागं. दोघांच्या मध्ये ओटीच्या नारळाची पिशवी होती. तेलगाव मागं पडलं. अर्चनानं हळूच विचारलं, सकाळी गाडीला काय झालं होतं, आमच्याकडं सगळे काळजीत होते.

अर्थिंगची वायर, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मी तिला खरं ते सगळं सांगितलं. हळद, टेप, पंखा, दोन तास, आणि भीती.

 ती पदरात तोंड घालून म्हणाली, "मी न्हाणीघरात कडी लावून बसलते. आईनं दार वाजवू वाजवू हात लाल करून घेतला."

आम्ही दोघं एकदमच हसायला लागलो, आणि ते हसू काही केल्या थांबेना.  पुढून अण्णांनी हात वर केला आणि मधला आरसा छताकडं फिरवला. वडवणी येईपर्यंत ते मागचं काहीही न बघता गाडी चालवत राहिले.