संबंध नसलेल्या माणसाचे घर

वाउटर डी ग्राफ या निवृत्त डच गृहस्थाने उत्तर थायलंडातल्या नान गावी नदीकाठचे एक सागवानी घर पसंत केले, आणि ते आपले नाही असे सरकारदरबारी सांगण्यासाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून जमीन कचेरीत गेला.

यात विचित्र काही नाही. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. त्याच्या थाई बायकोला येते. फक्त पैसा सगळा तिचाच असून आपला या घराशी कसलाही संबंध नाही, एवढे नवऱ्याने लिहून द्यायचे असते. वाउटरने त्यासाठी हॉलंडमधले राहते घर विकले होते. तेव्हा जगात त्याला हे एकच घर उरले होते, आणि सहीनंतर तेही उरणार नव्हते.

"नीट बोल हं," त्याची बायको बुआलाय बाकावर बसल्या बसल्या म्हणाली. "मागच्या वेळी 'आमचं घर' म्हणालास आणि बाईंनी फाइलच मिटली."

"तुझं घर, तुझं घर," वाउटर पुटपुटू लागला.

टेबलामागे पिमपाबाई नावाच्या अधिकारी होत्या.

"काका, या घराशी तुमचा संबंध?"

"काही नाही."

"मग इथं कशाला आलात?"

"संबंध नाही, हे सांगायला."

"छान. पण संबंध नसलेल्यांनी बाहेर थांबायचं असतं."

वाउटर उठला.

"निघालात कुठं? सही माझ्यासमोर व्हायला हवी."

वाउटर बसला. सही झाली. बाईंनी शिक्का उचलला आणि तो हवेतच थांबला.

"पण तुम्ही राहणार कुठं?"

"तिथंच."

"कुठल्या नात्यानं?"

"नवरा म्हणून."

"नवरा म्हणजे संबंध आला. आत्ताच नाही म्हणालात."

"बाई, पाहुणा लिहा," बुआलाय म्हणाली. "नाहीतरी घरात इकडची काडी तिकडे करत नाही."

मागची रांग खदखदून हसली. पाहुणा लिहिले गेले, शिक्का पडला. आता परदेशी पाहुणा उतरला की घरमालकाने परदेशी नागरिकांच्या कचेरीला ताबडतोब कळवायचे असते. बुआलायने तिथून तडक जाऊन आपल्या घरी एक परका माणूस उतरल्याची वर्दी दिली.

"किती दिवस राहणार?" तिथल्या साहेबांनी विचारले.

"मरेपर्यंत."

"बरेच होतात. मधूनमधून कळवत राहा."

संध्याकाळी शेवटचे काम होते. अंगणात खांबावर एक चिमुकले देऊळ होते आणि त्यात त्या जागेचा राखणदार राहत असे. नवी मालकीण कोण, हे त्याला सांगायला हवे होते. घर विकणाऱ्या आजीने त्याच्यापुढे लाल सोड्याची बाटली स्ट्रॉ घालून ठेवली आणि बुआलायची ओळख करून दिली.

"आणि हा कोण म्हणून सांगू?"

"नवरा," वाउटर घाईने म्हणाला. इथे तरी.

"आजी, सांभाळून!" कुंपणापलीकडून आवाज आला. पिमपाबाई शेजारीच राहत होत्या. "कचेरीत एक आणि राखणदाराला दुसरं सांगितलंत, तर कचेरीतलं खोटं ठरेल. खरेदी रद्द होईल."

"मग पाहुणा," आजी म्हणाली. "पण पाहुण्याला राखणदार सांभाळत नाही हो. पाहुण्यानं रोज झोपण्याआधी विचारायचं, राहू का म्हणून."

वाउटरने हात जोडले. "राहू का?"

सगळे कान देऊन उभे राहिले. एक मुंगी स्ट्रॉवर चढली.

"गप्प आहे," आजी म्हणाली. "म्हणजे हो."

"लेखी?" पिमपाबाईंनी विचारले.

तेव्हापासून वाउटर रोज विचारतो, आणि उत्तर येत नाही म्हणून राहतो. परवा दिवेलागणीला त्याने कुंपणावरून सहज पाहिले, तर पिमपाबाई आपल्या अंगणातल्या चिमुकल्या देवळापुढे लाल सोडा ठेवून हात जोडून उभ्या होत्या.

"घर सासूबाईंच्या नावावर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कुठं बोलू नका, काका."

हे वाचून हसू आले असेल, तर वाचकांनी ते पुरते हसून घ्यावे. मग आपल्या घराचे कागद काढून त्यावर स्वतःचे नाव शोधावे. सापडले नाही तर घाबरू नये. लाल सोडा कुठेही मिळतो.