तांबड्या भाजीचा दाखला

कोरगावचे निवृत्त हेडक्लार्क कृष्णनाथ यांना मुलीचे डोहाळे पुरवायचे होते, आणि तेही नियमानुसार. दिल्लीला असलेल्या गौरवीला सातवा महिना लागला होता. पोटात काही ठरत नव्हते. फोनवर तिने एकच मागणे मागितले होते, गावची तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. ही भाजी सकाळी उपटली की दुसऱ्या दिवशी मान टाकते.

"पोरसातली आत्ता उपटून देतंय," त्यांची बायको शालिनी म्हणाली. घरामागच्या पोरसात ती भाजी पिकवी आणि दर सोमवारी गावच्या महिला गटाला जुड्या बांधून देई. "दुपारचा विमान. सांजेक पोरीच्या ताटात पडतली."

"माती लागलेली भाजी घेऊन विमानात चढू? लोक हसतले. थंय विमानतळार आत ताजी भाजी गावता. शिक्को मारलेली."

शिक्क्यापुढे शालिनीचे कधीच काही चालले नव्हते. नोकरीत असताना समोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यालाही कृष्णनाथ तो जिवंत असल्याचा दाखला मागत, आणि म्हातारा मुकाट्याने आणायला जाई.

विमानतळावर झडती देऊन, पट्टा पुन्हा बांधून ते 'ताजे व स्थानिक अन्न कक्षा'पाशी पोचले. तिथे विक्रीला गावचीच सेजल उभी होती. काचेच्या पेटीत तांबडी भाजी काळवंडून पडली होती.

"सेजल, ही ताजी?"

"ताजीच काका. शिक्को बघा, आजचो आसा."

"उपटल्यानी कधी?"

"सोमवारी." त्या दिवशी गुरुवार होता. "मंगळवारी सुरक्षा तपासणी. मगे स्थानिक आसल्याचो दाखलो. तो दिल्लीचा ऑफिस देता. जुडी बघल्याशिवाय देणा नाय, म्हणान ती थंय धाडून परत हाडुची लागता."

"विमानान?"

"मगे? ट्रकान धाडली तर ताजी रवाची नाय."

कृष्णनाथांनी समाधानाने मान डोलावली. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी जुडी उचलली, तेव्हा बोटांना केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ लागली. खिळ्याला अडकवता यावी म्हणून एक कान मोकळा सोडलेली. अशी गाठ साऱ्या कोरगावात एकच बाई मारी. त्यांनी जुडी फिरवून शिक्का पुन्हा वाचला.

सेजलने इकडेतिकडे बघून टेबलाखालची पिशवी पुढे सरकवली. "ही घेवा, गौरवीताईक. आज सकाळी उपटलेली. आमच्या साहेबांसाठी हाडतंय. ते शिक्क्याची खाणत नाय."

मुळांना ओली माती होती. पोरसाचा वास आला. कृष्णनाथांनी पिशवी उलटसुलट करून बघितली.

"हेच्यार शिक्को?"

"नाय."

"मगे नको गो. पोटुशी पोरीक बिनशिक्क्याचा काय दिवचा नाय."

दिल्लीला पोचल्यावर गौरवीने जुडी अधीरपणे नाकाला लावली आणि तिचे तोंड उतरले.

"बाबा, आईच्या पोरसातली नाय गावली?"

"तीच ही," कृष्णनाथ म्हणाले, आणि ते शपथेवर खरे होते.

तिने डोळे पुसले, जुडी केराच्या डब्यात टाकली आणि पुन्हा नुसता भात कालवला. कृष्णनाथांनी शिक्क्याचा कागद मात्र घडी घालून खिशात ठेवला. पुढेमागे कोणी विचारले तर असावा.

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण आज सकाळी दुधाची पिशवी फोडताना तुम्ही वास घेतलात, की तारीख वाचलीत?